हवामान पूर्वीही बदलतच होते!



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही मजुरीच्या दरांवर किंवा स्थलांतरावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही हवामानाचा विषय दिला. एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेदेखील, की युनियनवाल्याने ढगांत कशाला जायचे? ढग खाली उतरून वीटभट्टीवर येतात, म्हणून आम्हांला वर जावे लागते, एवढे उत्तर तूर्त पुरे.

हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. “हवामान काय, ते पूर्वीपासून बदलतच आले आहे!” चहाच्या दुकानात ऐकू येते, दूरदर्शनवरच्या चर्चेत ऐकू येते, आणि वाटाघाटीच्या टेबलावर मालकाच्या तोंडूनही ऐकू येते. वाक्य खरे आहे. खोट्या वाक्याशी भांडणे सोपे असते. खऱ्या वाक्यातून खोटा निष्कर्ष काढलेला असला म्हणजे मात्र बसून हिशेब करावा लागतो. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे.

आरंभ पायाखालूनच करू. मोखाडा-जव्हारचा हा सारा डोंगर ज्या काळ्या दगडाचा आहे, तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी तप्त रस म्हणून भूमीतून बाहेर आला. एकदा नव्हे, थरावर थर असा लाखो वर्षे येत राहिला. त्या रसाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायूही अपार बाहेर पडला, आणि त्या काळात पृथ्वी तापल्याच्या खुणा जगभरच्या खडकांत सापडल्या आहेत. पुढे अवाढव्य प्राण्यांचा जो नाश झाला, तो आकाशातून पडलेल्या अशनीने झाला, की आपल्या या ज्वालामुखींचाही त्यात हात होता, यावर विद्वानांचा वाद आहे. बहुतेकांचा कौल मुख्यतः अशनीच्या बाजूने आहे. आपल्याला त्या खटल्यात साक्ष द्यायची नाही. आपल्याला एवढेच घ्यायचे, की हवेत हा वायू वाढला म्हणजे पृथ्वी तापते, ही गोष्ट कोणा परदेशी संस्थेने काल काढलेली टूम नव्हे. आजच्या घटकेला माणसाची धुराडी दरसाल जेवढा कार्बन डायऑक्साइड ओकतात, तो जगातल्या सर्व ज्वालामुखींच्या पन्नास पटींहून अधिक आहे. म्हणजे दगडाने जे केले तेच आता गिरण्या, वीजघरे आणि मोटारी करीत आहेत, आणि पुष्कळ घाईने करीत आहेत.

सहा कोटी वर्षे ही कल्पनेत न मावणारी गोष्ट झाली. जरा अलीकडे या. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे. उल्का पडून झालेला तो खड्डा. त्याच्या तळाशी हजारो वर्षे गाळ साचत आला. पाऊस चांगला झाला की एका तऱ्हेचा गाळ, सरोवर आटले की दुसऱ्या तऱ्हेचा, त्यात क्षारांचे खडे. संशोधकांनी तळाला नळी ठोकून हा गाळ वर काढला आणि २०१४ साली आपले वाचन प्रसिद्ध केले. त्यात दोन मोठे कोरडे काळ निघाले. पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुरू होऊन सहाशे वर्षांपूर्वीपर्यंत चाललेला. पहिल्या काळाची साक्ष मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतले चुनखडीचे स्तंभही देतात. ती इतकी ठळक, की भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातील आजच्या पर्वाला ‘मेघालय’ हेच नाव दिले.

आणि लोणारपर्यंतही जायला नको. आपला साग आहे. साग दरवर्षी खोडात एक वलय घालतो. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, हलाखीच्या वर्षी चिंचोळे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली सागाच्या वलयांवरून हवामान वाचण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला, तो ठाणे भागातल्या सागावर. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. त्या काळी आपण ठाण्यातच होतो. म्हातारी माणसे म्हणतात, “आमच्या वेळी पाऊस असा नव्हता.” माणसाची आठवण गोड करून सांगते, सागाची तशी सांगत नाही. ज्या झाडाचा ओंडका वखारीत रुपयांत मोजला जातो, त्याच्या पोटात शंभर वर्षांच्या पावसाची वही असते हे तोडणाऱ्याला ठाऊक नसते, आणि विकणाऱ्याला त्याची गरज नसते.

तेव्हा हवामान बदलत आले हे सिद्ध झाले. आता पुढचा प्रश्न, जो ते वाक्य फेकणारे कधी विचारीत नाहीत: ते बदलले, तेव्हा माणसांचे काय झाले?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव मातीखालून वर आले. भरभराटीच्या काळात तेथे चौकोनी, ऐसपैस घरे होती. नदीच्या पुराचे पाणी वळवायला पाट खणलेला होता, त्याला बांध होता. गावच्या प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. श्रोतेहो, कोठार कोणाच्या घराशेजारी आहे हे नीट पाहावे. आम्ही कोणत्याही काळाचा इतिहास वाचताना आधी कोठार शोधतो.

ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा जोर ओसरला, शिकार केलेल्या प्राण्यांची हाडे वाढली. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला, की पाऊसमान कमी होत गेले, शेती पुरेना, आणि लोक वर्षाचा काही काळ भटके झाले. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. या निदानावर पुढे मतभेद झाले. सर्वच दोष पावसावर घालू नये असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि ते म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण ते चित्र आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला ते जुने वाटलेच नाही. दिवाळी झाली की घराला काटेरी झाप लावून, लेकरे-कोंबड्या घेऊन भिवंडी-वसईच्या भट्ट्यांकडे निघणारी, आणि तेथे विटांच्या तुकड्यांची कमरेएवढी खोपी रचून सहा महिने काढणारी माणसे आपण दरसाल पाहतो. तीन हजार वर्षांनी कोणी भट्टीची जागा उकरली, तर त्यालाही लहान झोपड्याच सापडतील, आणि तोही म्हणेल, पाऊस कमी झाला असावा. मोखाड्यात तर शंभर इंच पडतो!

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. लोणारच्या गाळातला दुसरा कोरडा काळ पाहा. त्याच्याच उत्तरार्धात देवगिरीचे यादव नांदले, दगडी देवळे उभी राहिली, आणि मराठवाड्यात गावोगाव पायऱ्यांच्या बारवा बांधल्या गेल्या. कोरड्या काळातही माणसे उभी राहिली, कारण पाणी धरून ठेवण्याची विद्या आणि ती चालविणारी व्यवस्था होती. आणि त्याच काळाच्या अखेरीस, १३९६ पासून, दुर्गादेवीचा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याने दख्खनचे मुलूखच्या मुलूख उजाड केले. आभाळ तेच, माणसांची घडी वेगळी.

मग १६३० चा दुष्काळ आला. शिवाजी महाराजांचा जन्म त्याच साली झाला, आणि त्याच दुष्काळाने देहूच्या तुकोबांचे दुकान बुडवले, त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. संतचरित्रात ही हकिगत वैराग्याचे कारण म्हणून सांगतात. आम्हांला ती एका लहान दुकानदाराच्या दिवाळ्याची हकिगत म्हणूनही वाचावीशी वाटते.

पण सगळ्यांत जास्त शिकविणारे वर्ष १८७७. पाऊस आदल्या सालापासून चुकला होता. त्याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे: हजारो कोस दूर, पॅसिफिक महासागराचे पाणी तापले होते, त्याला एल निनो म्हणतात. आभाळाचे हे गणित सुटायला सुरुवात झाली तीही हिंदुस्थानातच. १८९९ चा, म्हणजे लोक ज्याला छप्पन सालचा म्हणतात तो दुष्काळ झाल्यावर, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती येथल्या हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला आणि जगभरच्या वेधशाळांचे आकडे जुळवीत बसला. समुद्राच्या दोन टोकांना हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो आणि आपला पाऊस त्या तराजूला बांधलेला आहे, हे त्याने दाखवले.

तर १८७७ मध्ये पाऊस नव्हता. पण आगगाडी होती, आणि धान्यही होते. हिंदुस्थानातून विलायतेला गव्हाची निर्यात चालूच होती. दुष्काळी कामांवर माणसे लागली, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी हिशेब केला, की काम करणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुष्कळ झाला. दिवसभर खडी फोडायची आणि पौंडभर धान्यावर राहायचे! तेव्हा आमच्या मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी काय केले ठाऊक आहे? त्यांनी काम सोडले. हजारोंच्या संख्येने, बायकापोरांसह, उपाशी माणसे संपावर गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, आपल्या सार्वजनिक काकांच्या सभेने, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात गिरण्यांचे संप मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, या संपाला एक ओळ मिळत नाही. म्हणून आम्ही जेथे बोलतो तेथे तो सांगतो. दक्षिण आणि पश्चिम हिंदुस्थान मिळून त्या दोन-अडीच वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

आता १९७२ बाजूला ठेवा. तेव्हाही एल निनोच होता, आणि पाऊस तर लागोपाठ चुकलेला. पण १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. हाल झाले, जनावरे गेली, सुकडीवर दिवस काढले. पण माणसे १८७७ सारखी मेली नाहीत. त्या कामांच्या रेट्यातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि रस्त्यावर उतरलेल्या मजूर बायकांच्या मोर्च्यांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. शंभर वर्षांत आभाळ सुधारले नव्हते. कायदा झाला होता, आणि मागणारे उभे राहिले होते.

जुन्या हवामानाकडून मिळणारी पहिली शिकवण ही. पाऊस थोडासा सरकला, एका अंगाला दहा-वीस वर्षे झुकला, तरी गावे ओस पडली आहेत. तेव्हा ‘पूर्वीही बदलत होते’ हे वाक्य ऐकून ज्याला धीर येतो, त्याने पूर्वीचे वाचलेले नाही. पूर्वीही माणसे मरतच होती, म्हणून आज खून होत नाही असे कोणी न्यायाधीशापुढे म्हणू लागला तर त्याची काय संभावना होईल? मृत्यू नेहमीचाच, प्रत्येक मृत्यूचे कारण मात्र वेगळे शोधावे लागते.

या वेळचे कारण शोधलेले आहे. दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकात, कोसभर खोल बर्फ आहे. दरसाल पडणाऱ्या बर्फात त्या त्या काळची हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. तो बर्फ भोके पाडून वर काढला आणि आठ लाख वर्षांची हवा मोजली. या एवढ्या काळात, हिमयुगे आली नि गेली, तरी दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड कधी तीनशेच्या वर गेला नाही. गिरण्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी तो २८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. हा वाढीव वायू धुराड्यांचाच कशावरून? तर कोळसा कोट्यवधी वर्षे पुरलेला असल्यामुळे त्यातला किरणोत्सर्गी कार्बन केव्हाच विझलेला असतो, आणि हवेत मिसळणारा कार्बन तसाच विझलेला आहे असे १९५० च्या दशकापासून मोजून दिसते. सूर्यच तापला असेल म्हणावे, तर हवेचे वरचे थरही तापायला हवे होते. ते थंड होत आहेत आणि खालचे तापत आहेत. घोंगडी पांघरल्यावर असेच होते.

आणि वेग. गेल्या हिमयुगातून पृथ्वी बाहेर पडली, तेव्हा ती पाच-सहा अंशांनी तापली. त्याला सुमारे दहा हजार वर्षे लागली. अंशाला दीडदोन हजार वर्षे. आपण दीडशे वर्षांत एक अंश ओलांडला, आणि २०२४ साल तर दीड अंशावर गेले. हप्त्याने फेडायचे कर्ज सावकाराने एका रात्रीत मागितले, तर रक्कम तीच आहे असे म्हणून कोणाचे समाधान होईल काय?

आता ढग भट्टीवर कसे उतरतात ते सांगतो. पुण्याच्याच हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापला आहे, वादळे वाढली आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात पडला. डिसेंबर म्हणजे भट्टीवर थापणीचे दिवस. थापून सुकत ठेवलेली कच्ची वीट पाण्यात पुन्हा चिखल होते. मजुरी हजारावर, मोजणी उभ्या विटांची. नवराबायको आणि पोरांनी पहाटे तीनपासून पाडलेल्या विटा एका रात्रीत गेल्या की ते हजार मोजलेच जात नाहीत. उचल मात्र वहीत तशीच राहते, तिला पाऊस लागत नाही.

अशा अवकाळी पावसानंतर एका मालकाशी आम्ही बोलणी करीत होतो. गृहस्थ वागायला सभ्य. म्हणाले, “अहो, पाऊस काय आज पहिल्यांदा पडला? निसर्ग आहे. त्यात माझा काय दोष?” आम्ही म्हटले, “दोष तुमचा नसेल. पण नुकसान सगळे हिच्याच अंगावर का?” आणि शेजारी बसलेल्या बाईकडे बोट केले. त्यावर त्यांनी चहा मागवला. विद्वानांच्या परिषदांत जो वाद चालतो तो याहून फारसा निराळा नाही. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला ते चहा मागवतात, आणि ज्यांच्या विटा वाहून गेल्या ते बाजूला बसलेले असतात.

मात्र एका गोष्टीबद्दल सावध करावयाचे आहे. ‘हवामान बदललेच नाही’ म्हणणारे आता कमी होत चालले. त्यांच्या जागी दुसरे येत आहेत, जे प्रत्येक गोष्टीला ‘हवामानबदल’ म्हणून हात झटकतात. मार्चमध्ये विहिरी आटल्या, हवामानबदल. टँकर आला नाही, हवामानबदल. आपण जरा आठवावे. हा काळा दगड पाणी फार धरीत नाही, शंभर इंच पाऊस चार महिन्यांत वाहून जातो, हे आपल्या आजोबांच्या काळीही असेच होते. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर झाला, पुढे अप्पर वैतरणा झाले, आणि आपल्या तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण झाले. ते पाणी मुंबईच्या नळाला जाते, आणि धरणाच्या वरच्या पाड्यातली बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. यात पॅसिफिक महासागराचा काय अपराध? १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुले गेली, तेव्हा हवामानबदल हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. इनामगावच्या निदानाला आक्षेप घेणारे अभ्यासक म्हणूनच आम्हांला मोलाचे वाटतात. आभाळाचे ते आभाळाच्या खाती, व्यवस्थेचे ते व्यवस्थेच्या खाती लिहावे लागते. दोन्ही खाती सरमिसळ झाली की फायदा नेहमी देणेकऱ्याचा होतो.

खाती वेगळी ठेवायची तर नोंद लागते. कुलाब्याला वेधशाळा १८२६ पासून आहे, म्हणून मुंबईच्या पावसाबद्दल कोणी थाप मारू शकत नाही. आपल्याकडे डोंगराच्या अलीकडे धो धो पडतो आणि पलीकडच्या पाड्यावर वरी करपते. सरकारी मापक बसतो दूर मंडळाच्या ठिकाणी, आणि नुकसानीचा पंचनामा त्याच्या आकड्यावर ठरतो. भट्टीवर तर मापकच नाही. म्हणून यंदाच्या करारात आमच्या युनियनने दोन कलमे मागितली आहेत. पहिले, थापलेली वीट संध्याकाळच्या संध्याकाळी मोजून मजुराच्या वहीत लिहावी. दुसरे, अवकाळी पावसाने गेलेल्या विटेची निम्मी मजुरी मालकाने द्यावी. पहिले कलम दोन ठिकाणी तोंडी मान्य झाले आहे; दुसऱ्यावर अजून चहाच चालू आहे.

आणि पाड्यांसाठी साधी गोष्ट. सरळ उभ्या भिंतींचा डबा, एक पट्टी, एक वही. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, लिहायचे, आणि ग्रामसभेत महिन्याला वाचायचे. शाळेतली मुले हे उत्तम करतील. त्यांना मोजायला आवडते. जूनला फार दिवस उरलेले नाहीत. वह्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. ज्या पाड्यांना हव्या असतील त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत नावे द्यावीत.